दाराच्या तळाला सहा भोकं

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. कान कसा आहे हे विचारत नाही. विचारलं की तू दोन पानं डॉक्टरच्या नावाने खडे फोडतोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची सोय नाही. जे सांगायचंय ते भिंतीपलीकडे जाऊन चालणार नाही. म्हणून पत्र.

धाकटे भावजी, म्हणजे ह्यांचा पाठचा भाऊ, नोव्हेंबरपासून आमच्याकडे राहतात हे तुला ठाऊक आहे. गॅरेजवरच्या खोलीत. वायरमनचं काम मिळालं तर जातात, नाही तर घरीच. मी साडेपाचला हॉस्पिटलच्या लाँड्रीत जायला निघते ती अडीचला परत येते. मागे घरात हे दोघे भाऊ. आजवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

पण तीन आठवडे झाले, गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास येतोय. गाडी वर्षभर जागची हललेली नाही. ह्यांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हापासून ती कापड पांघरून उभी आहे. मग वास कशाचा? काल कपडे वाळत घालायची जुनी दोरी शोधायला गेले, तर तिथे उभ्या करून ठेवलेल्या गादीच्या मागे पाच डबे. दोन पत्र्याचे, तीन प्लास्टिकचे, त्यातला एक तर आपल्या खायच्या तेलाचा! झाकण उघडून वास घेतला आणि डोकं गरगरलं.

भावजींना विचारलं. म्हणाले, "कामाचे आहेत, वहिनी. तुम्ही गॅरेजमध्ये जाऊ नका." वायरमनला पेट्रोल कशाला लागतं, दादा? आणि माझ्याच घरात मी कुठे जायचं नाही, हे मला कोण सांगणार? त्यात महिन्यापूर्वी जेवताना ते म्हणाले होते, "घराचं काय ते एकदा ठरवून टाकू." घर सासऱ्यांचं, दोघांच्या नावावर. तेव्हा मी ताटात बघत बसले. आता ते वाक्य उठताबसता आठवतंय.

ह्यांची तब्येत ठणठणीत. जरा विसराळू झालेत एवढंच. परवा चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि मलाच चोर ठरवलं. साठी उलटली की व्हायचंच.

तुझी
चिमी


११ फेब्रुवारी

चिमे,

आधी कान पकड. पेट्रोलच्या डब्यात नाक घालणारी तू पहिली नाहीस. ज्यांनी तसं करताना दुसऱ्या हातात काडी धरली होती, त्यातल्या काहींना मी उचलून बाहेर आणलंय, आणि ते वजनाला फार हलके झालेले असतात.

अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा आग कशी लागली हे शोधण्यात. म्हणून सांगतो ते पाठ कर. पेट्रोल पेटत नाही, पेट्रोलची वाफ पेटते. ती हवेपेक्षा जड असते. धुरासारखी वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते, कोपऱ्यात साचते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठिणगी सापडली की तिथून उलटी धावत डब्यापर्यंत येते. थंडीतही हेच. दिव्याचं बटण, फ्रीजच्या मोटरची सुरुवात, गॅसच्या गिझरमधली बारीक ज्योत, यातलं काहीही पुरतं. खायच्या तेलाच्या डब्यात पेट्रोल ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं. प्लास्टिक फुगतं, झाकणातून वाफ सुटते.

आता तुझा दीर. तुझ्या लग्नातही मला तो माणूस पटला नव्हता. मांडवात सगळे जेवत होते आणि हा मीटरपाशी उभा राहून वायरी बघत होता. शांत माणसाची मला भीती वाटते, कारण माझ्या धंद्यात आग लावणारे बहुतेक शांतच निघाले. आरडाओरडा करणारा हात उगारतो. गप्प बसणारा तयारी करतो.

एकदम भांडू नकोस. डोळे उघडे ठेव. गॅरेजमध्ये काय बदललं ते रोज बघ, लिहून ठेव आणि मला कळव. तुमच्या अग्निशमन केंद्रात जाऊन सांगितलंस तर ते डबे घेऊन जातील, फार विचारणार नाहीत. ते तर करच.

मास्तरांना नमस्कार. चष्मा फ्रीजमध्ये! आमच्याकडे एकाने दाताची कवळी गमबुटात ठेवली होती.

दादा


२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू सांगितल्याप्रमाणे लिहून ठेवलं. आयुष्यभर चादरी मोजत आले, मला मोजायला सांगावं लागत नाही.

बारा तारीख: गॅरेजमधला मोठा फ्रीजर बंद. प्लग काढून वायर गुंडाळून वर खिळ्याला टांगलेली. माझे सोललेले वाटाणे आणि गुडघ्याला लावायच्या बर्फाच्या पिशव्या, सगळं पाणी. विचारलं तर भावजी म्हणाले, "जुना झालाय, वीज खातो."

चौदा: गॅरेजमधला बल्ब गायब. होल्डरवर चिकटपट्टी. दिवसाही आत जायचं तर दार सताड उघडं ठेवावं लागतं.

पंधरा: गिझर बंद. तो गॅरेजच्या मागच्या भिंतीलाच आहे, तुला आठवत असेल. म्हणे बिघडलाय. ह्यांना गार पाण्याने अंघोळ. आता मी स्टोव्हवर पाणी तापवून ठेवून कामाला जाते.

सतरा: हे वाच आणि सांग मला काय समजायचं. गॅरेजच्या वर सरकणाऱ्या पत्र्याच्या दाराला, अगदी तळाशी, जमिनीपासून चार बोटांवर, सहा भोकं पाडलीत. एका रांगेत, माझा अंगठा जाईल एवढी. मागच्या भिंतीलाही खाली तशीच.

डबे कमीजास्त होतात. कधी पाच, कधी तीन. शेजारीणबाईंनी भावजींना दोन डबे सायकलला लावून कुठेतरी जाताना पाहिलं. आणि येताना डबे रिकामे होते. भरलेले कुठे नेतो हा माणूस?

काल मी लवकर परतले. दोघे भाऊ मागच्या पायरीवर बसले होते. हे रडत होते, दादा. तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलंय. आणि भावजी ह्यांचा हात धरून म्हणत होते, "वहिनीला कळता कामा नये. मी आहे ना, मी बघतो." मला पाहिल्यावर दोघे उठले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, डोळ्यात कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत?

त्याने ह्यांच्याकडून कशावर तरी सही घेतली असणार. दमदाटी केली असणार. अग्निशमन केंद्रात गेले नाही. गल्लीत लाल गाडी उभी राहिली की चार लोकांत शोभा. आधी तू सांग.

चिमी


२६ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता मला शंका राहिलेली नाही.

गिझर बंद, दिवा बंद. म्हणजे आत कोणी जाऊ नये आणि गेलं तरी काही दिसू नये. दाराच्या तळाला भोकं कशाला असतात माहीत आहे? बाहेर उभं राहून नळीने आत पेट्रोल सोडता येतं, कुलूपाला हातही न लावता. नंतर कुलूप जसंच्या तसं सापडतं आणि सगळे म्हणतात, अपघात. अशी एक केस माझ्या हातून गेलीय. तिथेही सख्खे भाऊच होते.

मास्तर भित्रे नाहीत, पण भावाच्या बाबतीत आंधळे आहेत. त्यांना काही सांगत बसू नकोस.

१. दिराला घराबाहेर काढ. आजच. कारण देऊ नकोस, दिलंस की तो वाद घालील.
२. गॅरेजचं कुलूप बदल. किल्ली एकच ठेव आणि ती फक्त मास्तरांकडे दे.
३. डबे केंद्रवाल्यांना उचलून नेऊ दे. शोभा झाली तर होऊ दे. जळालेल्या घराची शोभा जास्त होते.

चूक झाली तर माझ्यावर ढकल.

दादा


६ मार्च

प्रिय दादा,

केलं. दोन तारखेला दुपारी. भावजींची ट्रंक मी स्वतः फाटकाबाहेर ठेवली.

वाटलं होतं तमाशा होईल. नाही झाला. ते ट्रंकेजवळ आले. मग म्हणाले, "दादाला सांगितलंत?" त्यांचा दादा, म्हणजे हे.

"सांगायची गरज नाही," मी म्हटलं. "मला सगळं कळलंय."

त्यांचा चेहरा असा काही झाला, जणू डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणाले, "कळलं? मग बरं झालं, वहिनी. मला एकट्याला झेपत नव्हतं." बघ, कसा कोडगा माणूस! मी म्हटलं, "कळलंय म्हणूनच सांगतेय, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." तेव्हा मात्र ते गोंधळले. जाताना फाटक धरून एवढंच म्हणाले, "फ्रीजरचं बटण तेवढं लावू नका. हात जोडतो." ही धमकी होती की काय होतं, मला कळलं नाही. पण माझ्या घरातलं बटण मी लावू नको म्हणजे काय? त्याच संध्याकाळी लावलं. गिझरही चालू केला. ठणठणीत आहे, बिघडलेला वगैरे काही नव्हता.

कुलूप नवं. किल्ली एकच, ह्यांच्या गळ्यात दोऱ्याला बांधलीय. डब्यांचं ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "उद्या पंपावर परत देऊन येतो. पंपवाला माझा विद्यार्थी आहे." म्हणून केंद्रात गेले नाही.

पण आता खरी भीतीची गोष्ट. ज्या दिवशी कुलूप बदललं त्या दिवशी चार डबे होते. आज ह्यांच्याकडून किल्ली घेऊन पाहिलं, तर आठ. भावजी घरात नाहीत आणि डबे दुप्पट! म्हणजे त्यांनी दुसरी किल्ली करून घेतलीय. ते समोरच्या रस्त्यावर सलूनच्या बाकावर रोज सकाळी बसलेले असतात, शेजारीणबाईंनीच सांगितलं. पाळत ठेवून आहेत. पोलिसांत जाऊ का?

चिमी


११ मार्च

चिमे,

हे पत्र हातात पडताक्षणी, पुढचं वाचायच्या आधी, गॅरेजचं दार उघड आणि लांब हो. बटणाला हात लावू नकोस. फ्रीजर मीटरपासून बंद कर, गॅरेजमधून नव्हे. मग वाच.

खालच्या मजल्यावरच्या बाईंना तुला फोन लावायला सांगितलंय, सकाळपासून पाच वेळा. कोणी उचलत नाही. तार पाठवायला निघालोय.

कुलूप नवं. किल्ली एकच. ती मास्तरांच्या गळ्यात. आणि डबे वाढले. चिमे, मग डबे कोण आणतंय?

हे सुचल्यावर तुझी वीस तारखेची यादी पुन्हा काढली आणि दिराचं नाव झाकून वाचली. फ्रीजरचा प्लग काढला. बल्ब काढला. गिझरची ज्योत विझवली. जड वाफ बाहेर पडावी म्हणून जमिनीलगत भोकं पाडली, दाराला आणि मागच्या भिंतीला, म्हणजे वारा आरपार. भरलेले डबे बाहेर नेले आणि रिकामे करून आणले. मी नव्या भरतीला हेच शिकवायचो. याच क्रमाने. हे आग लावणाऱ्याचं काम नाही, आग लागू नये म्हणून धडपडणाऱ्याचं आहे. मी बारा वर्षं राखेतून माणूस ओळखायचो आणि इथे धडधडीत कागदावर लिहिलेला ओळखला नाही, कारण तो मला लग्नात आवडला नव्हता.

मास्तर इतकी वर्षं सकाळी पहिला विद्यार्थी यायच्या आधी पंपावर जायचे ना? मला वाटतं ते अजून जातात. काल गेलो होतो हे त्यांना आठवत नाही.

दिराला परत बोलाव. तो बाकावर पाळत ठेवत नाहीये. पहारा देतोय.

दादा


१९ मार्च

दादा,

तुझं पत्र पंधराला मिळालं. तार मिळाली तेराला. झालं ते बाराला सकाळी.

पावणेसातला लाँड्रीत निरोप आला. मी हातात ओली चादर घेऊनच धावत सुटले. पोचले तेव्हा लाल गाडी उभी होती आणि गल्ली भरली होती. ज्या शोभेला मी घाबरत होते ती हीच.

हे पंपावरून आणखी एक डबा घेऊन आले. आत शिरून दार खाली ओढून घेतलं आणि गाडीच्या टाकीत ओतायला लागले. टाकी तुडुंब भरलेली, दादा. पेट्रोल बाहेर वाहतंय आणि हे ओततायत. तेवढ्यात फ्रीजरची मोटर सुरू झाली. माझ्या वाटाण्यांसाठी लावलेली.

भावजी रोजच्यासारखे ह्यांच्या मागे पंपापर्यंत जाऊन बाकावर येऊन बसले होते. दहा दिवस ते रोज रस्त्यात ह्यांना अडवून डबा मागायचे. हे द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तुला वहिनीने घरात यायला बंदी केलीय, तू माझ्याशी बोलू नकोस." तेवढं मात्र ह्यांच्या लक्षात राहिलं होतं.

फस्स असा आवाज आला म्हणतात. दाराखालून ज्वाळा. पत्रा तापलेला. भावजींनी तो खालून दोन्ही हातांनी धरून वर ओढला आणि ह्यांना बाहेर खेचलं. विजार पेटली होती ती मातीत लोळवून विझवली. लोक बादल्या घेऊन धावले तर हाच माणूस ओरडला, "पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत घरात शिरेल! वाळू आणा!" मग ह्यांचा पाय नळाखाली धरून गाडी येईपर्यंत बसले. स्वतःच्या हातांना पाणी लावायचं कोणाला सुचलं नाही.

ह्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजलाय. वाचतील, चालतीलही. भावजींचे दोन्ही तळवे गेलेत. डॉक्टर म्हणतात, वायरी धरण्याचं काम बहुधा पुन्हा नाही. गॅरेज आणि वरची खोली राख. केंद्राचे अधिकारी म्हणाले, खाली भोकं नसती तर एवढी वाफ साठून भिंतीच उडाल्या असत्या.

आता एक लिहिते, आणि मग तुला मला काय म्हणायचं ते म्हण. डिसेंबरमध्ये एक अनोळखी गृहस्थ ह्यांना हाताला धरून घरी घेऊन आले होते. दोन गल्ल्या सोडून उभे होते, घर सापडत नव्हतं. मी कोणाला सांगितलं नाही. तुला नाही, डॉक्टरला नाही, भावजींना तर नाहीच. तुला चष्म्याचा विनोद लिहून पाठवला. भावजींना जानेवारीत कळलं, तर ह्यांनी त्यांना शपथ घातली, तिला सांगू नकोस. आम्ही दोघं एकाच माणसाला एकमेकांपासून लपवत होतो. "घराचं ठरवून टाकू" म्हणजे काय ते विचारलं काल. गॅरेज पाडून ह्यांच्यासाठी खाली एक खोली बांधावी, जिन्याची कटकट नको, असं त्यांच्या मनात होतं.

ह्यांच्या गळ्यात किल्लीचा दोरा मी बांधला. तू नाही. चूक तुझ्यावर ढकलायला सांगितलं होतंस, पण ती ढकलली जात नाही.

चिमी


२५ मार्च

वायरमनसाहेब,

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. तुमच्याबद्दल मात्र बरीच लिहिली.

तुमच्यावर आळ घेतला तो मी. चिमीला भीती वाटत होती. त्या भीतीला खात्रीचं रूप दिलं मी, माझ्या एकतीस वर्षांच्या जोरावर. त्या भोकांचा अर्थ तुम्हाला न विचारता मी शेकडो मैलांवरून लावला. तुम्ही घरात असता तर बारा तारखेला गॅरेजमध्ये पेटायला काही उरलंच नसतं, हे मला कोणी सांगायची गरज नाही. आगीचं कारण शोधून अहवाल लिहिणं हा माझा धंदा. या आगीचा अहवाल मी लिहिला तर कारणाच्या रकान्यात माझी दोन पत्रं चिकटवीन.

क्षमा मागतो. ती मिळावी असं माझ्याकडे काही नाही. काही करण्यासारखं असेल तर सांगा.

चिमीचा दादा


२ एप्रिल

चिमीच्या दादांना,

अक्षर वहिनींचं आहे, बोलतोय मी. माझ्या हातांना अजून पट्ट्या आहेत. वहिनी मधूनमधून लिहायच्या थांबतायत. मी म्हणतो, जसं सांगतो तसं लिहा, गाळायचं नाही.

पत्र मिळालं. तुम्ही क्षमा मागितलीत. वहिनींनी तीनदा मागितली. दोघांना उत्तर एकच आहे. अजून जमत नाही. जमलं की सांगेन, न विचारता.

मीही सांगायला हवं होतं. दादाने शपथ घातली आणि मला वाटलं, डबे लपवले की आजार लपेल. वायरमनला हे कळायला पाहिजे होतं. आत शॉर्ट असेल तर बाहेरून टेप गुंडाळून काही होत नाही.

काही करण्यासारखं असेल तर सांगा म्हणालात. आहे.

दादा परवा घरी आला. पायाला बँडेज आहे, पण काठी घेऊन चालतो. आग आठवत नाही त्याला. माझे हात बघून रोज विचारतो, "हे काय करून घेतलंस रे?" मी सांगतो, "कामावर भाजलं." तो मला सांभाळून काम करायला सांगतो.

डॉक्टरांचं औषध चालू आहे. पंपवाल्याला जाऊन सांगितलं, तो रडला, आता थेंब देणार नाही. पण दादा सकाळी साडेपाचला उठतो, शर्ट खोचतो, भांग पाडतो आणि निघतो. पहिली शिकवणी साडेसहाची असते. वहिनींना कामावर जावंच लागतं. मी सोबत जातो, पण वाटेत त्याचा तोल गेला तर हे हात त्याला धरू शकत नाहीत. निदान तीन महिने तरी.

त्याला अडवायचं नाही. अडवलं की घाबरतो आणि मग मारायला धावतो. त्याच्याबरोबर चालायचं. पंपापर्यंत जायचं, दोन शब्द बोलायचे, परत यायचं. वाटेत तो तुम्हाला गाडी शिकवेल. आधी क्लच, मग गिअर, आरसा बघायला विसरलात तर ओरडेल. तुम्हाला गाडी येते हे सांगायचं नाही. रोज पहिलाच दिवस आहे असं शिकायचं. कंटाळलेलं त्याला लगेच कळतं. बाकी सगळं विसरला, तरी विद्यार्थ्याचा चेहरा अजून बरोबर वाचतो.

तेवढं जमत असेल तर या. मधली खोली वहिनींनी रिकामी केलीय. रविवारपर्यंत पोचा, म्हणजे सोमवारी साडेपाचला तयार राहता येईल. दादाला मी सांगून ठेवलंय की नवीन विद्यार्थी येणार आहे. त्याने विचारलं, "लक्ष देणारा आहे ना?"

मी म्हटलं, बघू.

धाकटा